आयल ऑफ वाइटवर एका दिवसात फुटबॉल: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या बहुतेक मराठी मंडळींची फुटबॉलशी ओळख प्रीमियर लीगपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. तिकीट मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, मग सामना टीव्हीवर. पण शनिवारी दुपारी तीन वाजता देशभर शेकडो छोट्या मैदानांवर फुटबॉल चालू असतो. तिथे फाटकावर पैसे द्यायचे, आत जायचं, कठड्याला टेकायचं आणि गोलकीपरचा आरडाओरडा ऐकू येईल इतक्या जवळून खेळ बघायचा. यालाच नॉन-लीग म्हणतात.

नॉन-लीगची पहिली ओळख करून घ्यायची तर बेटावरच्या मैदानासारखं ठिकाण नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. आगगाडी, बोट, बंदराचं गाव, चढाचा रस्ता आणि शेवटी सामना, असा भरगच्च दिवस होतो. इथे आयल ऑफ वाइट बेटावरच्या काउझ गावाची सहल दिली आहे. क्लबचं नाव काउझ स्पोर्ट्स, मैदान वेस्टवूड पार्क. लंडनहून सकाळी निघून रात्री घरी येता येतं. साउथॅम्प्टन, विंचेस्टर किंवा बेझिंगस्टोकला राहत असाल तर फारच सोपं.

आधी थोडं लीगबद्दल

इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत: प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. त्याखालचं सगळं नॉन-लीग. त्याच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी नॅशनल लीग, मग विभाग प्रदेशांनुसार फुटत जातात. काउझ स्पोर्ट्स ज्या वेसेक्स लीगमध्ये खेळतो ती १९८६ साली सुरू झाली. तिचा वरचा विभाग पाचव्या पायरीवर आहे, खालचा सहाव्या. म्हणजे अगदी वरून मोजलं तर नववा आणि दहावा थर. या पातळीवर खेळाडू दिवसा नोकरीधंदा करतात आणि संध्याकाळी सराव करतात. गवत कापणारे, फाटकावर बसणारे, चहा करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा सामना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना गावाचा संघ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. फरक गर्दीत आहे. तिथे हजारो, इथे शंभर-दोनशे, कधी त्याहूनही कमी. मात्र आपल्या पोरांबद्दलची आपुलकी तीच, आणि पंचांवरचा रागही तोच.

काउझच्या फुटबॉलला जुना इतिहास आहे. क्लबची स्थापना १८८१ ची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काउझ हा संघ सदर्न लीगच्या पहिल्या विभागापर्यंत पोचला होता. टॉटेनहॅम, पोर्ट्समथ, साउथॅम्प्टन हे संघ त्याच विभागात होते. डिसेंबर १८९९ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना काउझने लीग सोडली आणि त्यांचे निकाल रद्द धरले गेले. त्या हंगामात विजेता ठरला टॉटेनहॅम. आज त्याच गावात तुम्ही दहाएक पौंडांत सामना बघणार आहात.

पायरी १: शनिवार निवडा

वेसेक्स लीगच्या संकेतस्थळावर सामन्यांची यादी असते. काउझ स्पोर्ट्सचा *घरचा* सामना शोधा. दोन नावांपैकी पहिलं लिहिलेलं नाव घरच्या संघाचं असतं. नवख्यांची हमखास होणारी चूक म्हणजे पाहुण्या संघाच्या यादीत काउझचं नाव बघून बेटावर पोचणं, आणि संघ तिकडे हॅम्पशायर नाहीतर डॉर्सेटमध्ये खेळत असणं.

मंगळवार-बुधवारी रात्रीचे सामनेही असतात, साधारण साडेसात-पावणेआठला सुरू होणारे. पहिल्या खेपेला ते टाळा. सामना साडेनऊच्या आसपास संपतो, त्यानंतरच्या बोटी मोजक्या असतात आणि पलीकडे लंडनची शेवटची गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.

शनिवारी तीन ही वेळ नेहमीची आहे. ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करू देत नाहीत. खालच्या क्लबांची गर्दी टीव्हीने पळवू नये, म्हणून १९६०च्या दशकापासूनची ही बंदी आहे. तरीही सुरू होण्याची वेळ गृहीत धरू नका. कप सामना (बाद पद्धतीच्या स्पर्धेतला) असेल किंवा पाहुण्यांच्या बोटीची अडचण असेल तर वेळ बदलते. आठवडा राहिला की एकदा बघा आणि आदल्या रात्री पुन्हा बघा.

महिना कोणता? सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिल उत्तम. मैदान चांगलं असतं, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, उजेड भरपूर. ऑगस्टमध्येही हंगाम चालू होतो, पण जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला काउझ वीक ही १८२६ पासूनची शिडाच्या होड्यांची शर्यत असते. तेव्हा बोटी खच्चून भरतात आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबर ते फेब्रुवारीत पावसाने किंवा गोठलेल्या मैदानामुळे सामना रद्द होण्याची शक्यता बरीच असते. लंडनहून जाणाऱ्याने पहिल्या सहलीसाठी हे तीन महिने सोडून द्यावेत.

आणखी एक दिवस लक्षात ठेवण्यासारखा: नॉन-लीग डे. २०१० पासून दरवर्षी, राष्ट्रीय संघांच्या सामन्यांमुळे वरच्या दोन विभागांना सुट्टी असते अशा एखाद्या शनिवारी तो होतो. त्या दिवशी तुमच्यासारखे नवखे बरेच येतात.

पायरी २: परतीपासून उलट आखणी करा

बेटाच्या सहलीत हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. मैदान, चहा, गाव सगळं नंतर. आधी कागद घ्या आणि शेवटून लिहा: घरी जायची शेवटची सोयीची गाडी कोणती, तिच्यासाठी साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर किती वाजता उतरायला हवं, त्यासाठी काउझहून कोणती बोट, आणि *तिच्या आधीची* बोट कोणती. तुमचं लक्ष्य ही आधीची बोट. शेवटच्या बोटीवर कधीही बेत बांधायचा नाही, कारण वारा वाढला की रद्द होणारी पहिली तीच असू शकते.

तीनला सुरू झालेला सामना मध्यंतर आणि वाया गेलेली मिनिटं धरून पाच वाजायच्या थोडा आधी संपतो. मैदानावरून धक्क्यापर्यंत उताराने पंधरा मिनिटं. म्हणजे साडेपाचची किंवा त्यानंतरची कुठलीही बोट आरामात मिळते. कप सामना असेल तर बरोबरीनंतर पेनल्टी होऊ शकतात. वीस-तीस मिनिटं हातात ठेवा.

काउझला जाणाऱ्या बोटीचं नाव रेड जेट. ही फक्त पायी प्रवाशांसाठीची वेगवान कॅटमरान आहे, साउथॅम्प्टनहून वेस्ट काउझला अर्ध्या तासाच्या आत पोचवते. सध्या धावणाऱ्यांपैकी रेड जेट ६ आणि ७ या बेटावरच, ईस्ट काउझमध्ये बांधलेल्या. ऋतू आणि वेळेनुसार तासाला एक किंवा दोन फेऱ्या असतात.

इथे एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. त्याच कंपनीची गाड्या नेणारी मोठी फेरीही साउथॅम्प्टनहूनच सुटते. ती दुसऱ्या धक्क्यावरून निघते, तासभर घेते आणि *ईस्ट* काउझला लागते. ईस्ट काउझ आणि काउझ ही मेडिना नदीच्या दोन काठांवरची दोन वेगळी गावं आहेत. मध्ये पूल नाही. साखळीवर ओढली जाणारी फेरी आहे, तिला तिथे फ्लोटिंग ब्रिज म्हणतात. २०१७ साली आलेली तिची नवी नाव बऱ्याचदा बंद पडलेली आहे. बंद असली की लहान लाँच सोडतात. ती चालू असेल तर पाच-दहा मिनिटांचा प्रश्न, नाहीतर तुमचा दुपारचा बराच वेळ नदीकाठी जातो. तिकीट काढताना ‘वेस्ट काउझ’ आणि ‘रेड जेट’ हे दोन्ही शब्द दिसतात का ते बघा.

खर्चाचा अंदाज: सगळ्यात जड भाग प्रवासाचा, मैदानाचा नाही. आगगाडीचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, आणि रेलकार्ड असेल तर एक तृतीयांश कमी. दोघं नेहमी बरोबर फिरत असाल तर टू टुगेदर कार्ड, विद्यार्थ्यांना १६-२५, आणि दक्षिण-पूर्व इंग्लंडात राहणाऱ्यांना नेटवर्क रेलकार्ड सोयीचं. रेल्वेकडून थेट वेस्ट काउझपर्यंतचं, बोटीसकट एकत्र तिकीटही मिळतं. वेगवेगळं काढून किती होतं आणि एकत्र किती, हे दोन्ही ताडून बघा. बोटीचं दिवसाचं परतीचं तिकीट दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त असतं. मैदानावर प्रवेश साधारण आठ-दहा पौंड, मुलांना बरंच कमी किंवा फुकट.

शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात. वॉटर्लू ते साउथॅम्प्टन मार्गावर गाडीऐवजी बस दिसली तर तो शनिवार सरळ सोडा. एक तास वाढला की आखलेली सगळी साखळी तुटते.

पासपोर्टची गरज नाही. आयल ऑफ वाइट इंग्लंडचाच भाग आहे. भारतातून भेटीला आलेले आईबाबा ब्रिटनच्या व्हिसावर बिनधास्त येऊ शकतात.

पायरी ३: सकाळी निघण्यापूर्वी

घरातून पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी बघायच्या, याच क्रमाने.

१. क्लबचं समाजमाध्यमांवरचं खातं. ‘पिच इन्स्पेक्शन’ हे शब्द शोधा. मैदान शंकास्पद असेल तर पंच सकाळी येऊन पाहतो आणि खेळायचं की नाही ठरवतो. पाहुण्या संघालाही समुद्र ओलांडायचा असल्यामुळे बेटावर हा निर्णय लवकर व्हावा असा सगळ्यांचाच प्रयत्न असतो. ‘मॅच ऑन’ असं त्याच दिवशीचं वाक्य दिसेपर्यंत परत न मिळणारं काही विकत घेऊ नका. आदल्या रात्रीची खात्री पुरत नाही. रात्रीत पडलेलं दव सकाळी गोठतं आणि स्टँडच्या सावलीतला पट्टा दुपारपर्यंत दगडासारखा राहतो.

२. बोट कंपनीचं प्रवासाची स्थिती सांगणारं पान. रेड जेट हलकी आणि वेगवान असल्याने जोराच्या वाऱ्यात किंवा दाट धुक्यात आधी तीच थांबते. गाड्यांची मोठी फेरी त्याच हवेत बहुधा चालू राहते.

३. रेल्वे.

पिशवीत काय? वाऱ्याला अडवणारं जाकीट, अगदी एप्रिलमध्येसुद्धा. सोलेंटवरून, म्हणजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीवरून, येणारा वारा चढावरच्या मैदानात थांबत नाही आणि कठड्याला टेकून दोन तास उभं राहायचं असतं. जाड मोजे, तळ चांगला असलेले बूट, टोपी. वीसेक पौंड रोख. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण लकी ड्रॉची तिकिटं विकायला येणाऱ्या काकांकडे यंत्र असेलच असं नाही. बोट लागत असेल तर निघण्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्या. आलेपाकही बऱ्याच जणांना पुरतो.

पायरी ४: साउथॅम्प्टन स्टेशन ते बोट

वॉटर्लूहून साउथॅम्प्टन सेंट्रलला जलद गाडी सव्वा तास ते दीड तास घेते. उतरण्याचं स्टेशन सेंट्रल. त्याआधीचं एअरपोर्ट पार्कवे नव्हे. तिथून रेड जेटचा धक्का चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. वाट वेस्टक्वे या दुकानांच्या संकुलाजवळून आणि मग शहराच्या मध्ययुगीन तटबंदीला धरून जाते. तट बघण्यासारखा आहे, त्यामुळे ही पायपीट कंटाळवाणी होत नाही. पावसात टॅक्सी घ्या. गाडी आणि बोट यांच्यात किमान पाऊण तास ठेवा. बोट सुटण्याआधी काही मिनिटं दार बंद होतं, त्यामुळे वेळापत्रकातली वेळ ही दारात पोचायची वेळ समजू नका.

बोटीत कुठे बसायचं? वारा असेल तर मागच्या भागात मधोमध, तिथे हेलकावे कमी जाणवतात. हवा चांगली असेल तर खिडकी. बंदरातली कंटेनरची जहाजं, फॉलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावरचा कॅलशॉटचा किल्ला मागे पडतात आणि सोलेंट उघडतो. इथेच पाण्याखाली ब्रॅम्बल बँक नावाचा वाळूचा दांडा आहे. वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला तो थोडा वेळ वर येतो आणि दोन नौकाक्लब त्यावर क्रिकेटचा सामना खेळतात. भरती आली की सामना संपला.

आजूबाजूलाही बघा. एकसारखे ट्रॅकसूट, मोठ्या बॅगा आणि चेंडूंची जाळी घेतलेली पंधरा-वीस पोरं दिसली तर तो बहुधा आजचा पाहुणा संघ. या लीगमधल्या मुख्य भूमीवरच्या प्रत्येक संघाला काउझला येताना पाणी ओलांडावं लागतं, आणि काउझच्या खेळाडूंना बाहेरच्या जवळजवळ प्रत्येक सामन्यासाठी. हंगामभर दर दुसऱ्या शनिवारी कामधंदा सांभाळून हे करणं काय असतं, ते त्या बोटीवर नीट कळतं. या मंडळींबद्दल आदर वाटायला तेवढं पुरेसं आहे.

पायरी ५: काउझमध्ये दुपारपर्यंत

अकरा-साडेअकराच्या सुमारास पोचलात तर तीन तास हातात आहेत. धक्क्यावरून बाहेर पडलं की लगेच हाय स्ट्रीट. उजवीकडे वळा. अरुंद रस्ता पुढे समुद्राकाठी उघडतो आणि रॉयल यॉट स्क्वॉड्रनच्या वास्तूपाशी पोचतो. हा नौकाक्लब १८१५ सालचा. समोर पितळेच्या छोट्या २२ तोफा ओळीने ठेवल्या आहेत, शर्यती सुरू करताना त्या वाजतात. १८५१ साली बेटाला वळसा घालणारी जी शर्यत इथून झाली, तिच्यातूनच अमेरिकाज कप जन्माला आला. आणखी पुढे किनाऱ्याने चालत राहिलं की बाकं आहेत. डबा खायला जागा उत्तम. फक्त पोळीचा घास हातात धरून गप्पा मारू नका. इथले सीगल मागून येऊन झडप घालतात, आणि नेम चुकत नाही.

डावीकडे, नदीच्या वरच्या अंगाला गेलात तर १९१२ सालची जुनी प्रचंड क्रेन दिसते. ती जे. सॅम्युअल व्हाइट या गोदीची. भारतीय वाचकाने तिथे थोडं थांबावं. आपल्या नौदलाची आयएनएस खुकरी याच गोदीत बांधली गेली. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि १९० हून अधिक अधिकारी-खलाशी तिच्याबरोबर गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे. जहाज जिथे पहिल्यांदा पाण्यात उतरलं ती नदी ही.

ऑस्बोर्न हाउस, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा वाडा, पलीकडच्या ईस्ट काउझला आहे. भाई राम सिंग यांनी घडवलेला दरबार हॉल तिथे आहे आणि तो बघायलाच हवा, पण सामन्याच्या दिवशी नको. नदी ओलांडा, बस पकडा, वाडा बघा आणि तीनला परत या. यात कुठेतरी घाई होते आणि दोन्हींचा आनंद जातो. वाड्यासाठी वेगळा दिवस काढा.

पायरी ६: मैदानावर

सव्वादोनला मैदानात असा. हाय स्ट्रीटपासून वेस्टवूड पार्क सुमारे पंधरा मिनिटं, आणि त्यातला बराचसा चढ. नकाशात ‘रेनॉल्ड्स क्लोज’ टाका. ही घरांच्या वस्तीतली गल्ली आहे. टोकाला मैदान आहे असं शेवटपर्यंत वाटत नाही, त्यामुळे चुकलो म्हणून परत फिरू नका. दिव्यांचे खांब छपरांवरून दिसतात, त्यांच्या दिशेने जा. गुडघे दुखणाऱ्यांनी धक्क्याजवळून टॅक्सी करावी.

फाटकावर एक-दोन माणसं टेबल टाकून बसलेली असतात. पैसे द्या, माहितीपत्रक आहे का विचारा. छापील माहितीपत्रक बऱ्याच क्लबांनी बंद केलं आहे, मोबाइलवर मिळतं. असेल तर जरूर घ्या. त्यात दोन्ही संघांची यादी, गुणतक्ता आणि अध्यक्षांचे चार शब्द असतात. सोबत ‘गोल्डन गोल’ची चिठ्ठी मिळाली तर घ्या: चिठ्ठीवर एक मिनिट लिहिलेलं असतं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला की बक्षीस तुमचं.

लांबून आलोय, पहिल्यांदाच आलोय, असं मोकळेपणी सांगा. शंभर माणसांच्या मैदानावर नवा चेहरा सगळ्यांच्या लक्षात येतोच. कुणीतरी हटकून गप्पा मारायला येईल, आणि क्लबबद्दल इंटरनेटवर नाही ते सगळं सांगेल.

खाणं-पिणं इथेच करा. गावातल्या हॉटेलात दिलेले दहा पौंड गावाला जातात, क्लबच्या खिडकीवर दिलेले दहा पौंड क्लबला: पंचांचं मानधन, बोटभाडं, दिव्यांचं बिल. बर्गर आणि चिप्स ठरलेलंच. शाकाहाऱ्यांना चिप्स, चीज घातलेल्या चिप्स, चहा, चॉकलेट. तळणीचं तेल एकच असण्याचा संभव आहे, चालत नसेल तर विचारा किंवा डबा ठेवा. चहा सामना सुरू होण्याआधी घ्या. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं, त्यातली दहा रांगेत जातात.

बिअर घेऊन मैदानाकडे तोंड करून उभं राहता येतं, याचं वरच्या लीगचे प्रेक्षक नवल करतात. खेळ दिसेल अशा जागी मद्य पिण्यावर १९८५ च्या कायद्याने घातलेली बंदी नॅशनल लीगच्या सर्वोच्च विभागापर्यंतच्या क्लबांना लागू आहे, त्याखाली नाही. काचेचा ग्लास मात्र बाहेर आणायचा नाही, प्लास्टिकचा मागा.

पायरी ७: सामना कसा बघायचा

स्टँडमध्ये बसता येतं, पण पहिला अर्धा भाग कठड्याजवळ उभं राहून बघा. दोन्ही संघांचे पाठीराखे वेगळे ठेवलेले नसतात. हवं तिथे उभं राहा, हवं तेव्हा फिरा. जुनी पद्धत अशी की आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतोय त्या गोलच्या मागे थांबायचं आणि मध्यंतराला सगळ्यांनी दुसऱ्या टोकाला जायचं. काउझचे गणवेश निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, टोपणनाव यॉट्समन.

गोलच्या अगदी मागे मुलांना उभं करू नका. या पातळीवर शॉट बऱ्यापैकी जोरात येतात आणि जाळ्याबाहेरही जातात. चेंडू तुमच्याकडे आला तर हाताने उचलून जवळच्या खेळाडूला द्या. कठडा ओलांडून आत जायचं नाही, मग चेंडू दोन हातांवर का असेना.

चेंडूऐवजी थोडा वेळ बचावफळीकडे बघा. टीव्हीवर जे कधीच दिसत नाही ते इथे दिसतं, आणि मुख्य म्हणजे ऐकू येतं: ‘मागे माणूस’, ‘वेळ आहे’, ‘फिरव’ असं अकरा जण एकमेकांना सतत सांगत असतात. वारा कोणत्या बाजूने आहे ते नाणेफेकीआधी ताडा. वाऱ्याविरुद्ध गोलकीपरची किक मध्यरेषाही गाठत नाही. वारा पाठीशी असलेला संघ कोणत्या अर्ध्यात गोल करतो त्यावर सामन्याचा रंग ठरतो.

एक नियम वरच्या लीगपेक्षा वेगळा आहे. पाचव्या पायरीपासून खाली २०१९-२० पासून ‘सिन बिन’ आहे. पंचांशी हुज्जत घातली तर पिवळं कार्ड दाखवून पंच दोन्ही हातांनी बाहेरची दिशा दाखवतो आणि खेळाडू दहा मिनिटं बाहेर बसतो. संघ तेवढा वेळ दहाच जणांचा. नवख्यांना हे लाल कार्ड वाटतं आणि मग तोच खेळाडू परत आत दिसला की गोंधळ होतो.

पायरी ८: परत

शिट्टी झाली की थोड्या टाळ्या वाजवा आणि निघा. उतार सोपा आहे, पण हिवाळ्यात अंधार पडलेला असतो आणि पदपथ निसरडे होतात. वेळ असेल तर क्लबहाउसमध्ये पंधरा मिनिटं थांबा. बाकीच्या मैदानांचे निकाल तिथे कळतात.

बोटीचं पान पाच वाजता पुन्हा बघा. रेड जेट बंद झाली असेल तर घाबरू नका, क्रम असा: आधी फ्लोटिंग ब्रिज चालू आहे का बघा, असेल तर ईस्ट काउझला जाऊन गाड्यांची मोठी फेरी पकडा, ती साउथॅम्प्टनलाच नेते. तीही बंद असेल तर धक्क्याजवळच्या कार्व्हल लेनवरून १ क्रमांकाची बस न्यूपोर्टला, तिथून ९ क्रमांकाची राइडला. राइडहून पोर्ट्समथ हार्बरला कॅटमरान सुमारे २० मिनिटांत जाते. साउथसीला जाणारं हॉवरक्राफ्ट (हवेच्या गादीवर तरंगत धावणारी बोट) दहा मिनिटांत, पण वाऱ्यापुढे तेही लवकर हार मानतं. पोर्ट्समथ हार्बरला बोट आणि आगगाडी शेजारी-शेजारी आहेत, तिथून वॉटर्लूची थेट गाडी मिळते. या वळशाला दोन तास धरा. कंपनी वेगळी असल्याने तिकीट चालतं का ते बोटीत पाय ठेवण्याआधी विचारा.

सामना ऐनवेळी रद्द झाला तर

तुम्ही बोटीत असताना बातमी आली तर बेटावर दुसरे संघ आहेत: ईस्ट काउझ व्हिक्टोरिया बिअॅट्रिस अॅव्हेन्यूवर, ब्रेडिंग टाउन ब्रेडिंग स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. कारण बघून ठरवा. पाणी साचून रद्द झाला असेल तर बेटावरची इतर मैदानंही बहुधा बुडालेली असतात. दवाने गोठून झाला असेल तर उन्हातलं एखादं मैदान वाचलेलं असू शकतं. बेटाची स्वतःची शनिवार लीगही आहे. तिथल्या मैदानांवर दिवे नसल्याने हिवाळ्यात सामने तीनच्या आधी सुरू होतात, तेव्हा वेळ बघूनच धावा.

पुढची बेटं

पाण्याची भीती असेल तर कॅनव्ही आयलंडपासून सुरुवात करा. टेम्सच्या मुखाशी असलेलं हे बेट पुलांनी जोडलेलं आहे: लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटहून बेनफ्लीट, पुढे बस. पार्क लेनवरचा हा क्लब २००१ साली एफए ट्रॉफी, म्हणजे नॉन-लीग क्लबांचा मोठा चषक, जिंकलेला आहे आणि मैदान समुद्राच्या बांधाजवळ आहे. केंटमधला शेपी युनायटेड आणि हॅम्पशायरमधला हेलिंग युनायटेड यांच्याकडेही रस्त्याने जाता येतं.

अंगात मुरलं की मग लांबची: डग्लसमधल्या द बोल मैदानावर एफसी आयल ऑफ मॅन, गर्न्सी बेटावर गर्न्सी एफसी, आणि जर्सी बुल्स, ज्यांनी २०१९-२० च्या आपल्या पहिल्याच हंगामात लीगचे २७ पैकी २७ सामने जिंकले आणि मग कोविडमुळे तो हंगामच रद्द झाला. ही तिन्ही बेटं युनायटेड किंगडमचा भाग नाहीत. भारतीय पासपोर्टवर असाल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांचे प्रवेशाचे नियम वाचा, आणि एक रात्र मुक्काम धरूनच बेत करा.